भागवतदादाचं कपाट

भागवत चौधरीने मला पहिल्यांदा मारलं ते भर दुपारी, माझ्याच स्टुडिओत, गिऱ्हाइकांसमोर. एक नवं जोडपं फोटोला बसलं होतं. मी नवरीला हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगत होतो, तेवढ्यात काचेचं दार भिंतीवर आपटलं आणि माझ्या कानाखाली असा आवाज निघाला की नवरीने हनुवटी आपोआप खाली घेतली.

"फोटो पुसले काहून?" त्याने विचारलं.

"जागा भरली होती दादा. लगीनसराई तोंडावर आली, म्हणून जुने अल्बम काढले थोडे."

"जागा भरली तं मले सांगायचं. मी मेलो का?"

"तुला कशाला त्रास म्हटलं."

यावर दुसरी बसली.

माझ्या स्टुडिओची एक वेबसाइट आहे. लग्नाचे अल्बम मी तिच्यावर ठेवतो, म्हणजे सुरतेच्या मावशीला आणि पुण्याच्या चुलत्याला ते घरबसल्या पाहता येतात. वेबसाइटला कुठेतरी राहायला जागा लागते, फोटो वाढले की जागाही वाढवावी लागते, आणि ती जागा आमच्या बुऱ्हाणपुरात भागवतदादा देत असे. त्या दिवशी सकाळी एक निवृत्त गुरुजी त्याच्याकडे गेले होते. त्यांची बायको नुकतीच वारली होती. भाचीच्या लग्नात तिचा खळखळून हसतानाचा फोटो मी काढला होता, तो साइटवर दिसेना. भागवतदादाकडे सगळ्यांच्या साइटची एक प्रत असे. तिच्यातून त्याने अल्बम परत जागेवर बसवला, माझी जागा वाढवून ठेवली, आणि मग रस्ता ओलांडून मला मारायला आला. हा क्रम मला नंतर कळला. कान मात्र पुढे बरेच दिवस गुणगुणत होता.

मी तक्रार केली नाही. करणार कुणाकडे? आमच्या शनवारा भागातल्या त्या रस्त्यावर त्याच्या हातचा मार न खाल्लेला दुकानदार शोधावा लागला असता. आम्ही मार खाल्लेले लोक लग्नाकार्यात भेटलो की एकमेकांना विचारायचो, "तुला कशावरून?"

दिसायला तो मारकुटा नव्हता, हाच धोका होता. उंच, किडकिडीत, मान थोडी पुढे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, कपाळावर अष्टगंध. रस्त्याने चालला की कीर्तनाला निघालाय असं वाटावं. राग येण्याआधी आवाज चढायचा नाही, डोळे फिरायचे नाहीत. एकदम हातच उठलेला दिसायचा. उजव्या हाताची पेरं कायम सोललेली असत. ऑफिसात देवाचं कॅलेंडर भलत्याच जागी, कमरेच्या उंचीवर लावलेलं होतं. त्याच्यामागे भिंतीला भोक होतं, त्याने बुक्की मारून पाडलेलं.

पूर्वी तो पुण्याला एका कंपनीत हेच काम करायचा. तिथे जागा ठरलेल्या मापातच मिळायची, लहान, मधलं आणि मोठं. मधल्यापेक्षा चिमटीभर जास्त हवी असली तरी मोठंच घ्या, नाहीतर साइट बंद. एका शाळेची साइट ऐन निकालाच्या दिवशी भरून बंद पडली. पोरं रडकुंडीला आली, आईबाप फोन करून थकले. भागवतदादा साहेबाकडे गेला, थोडी जागा देऊन टाकू म्हणाला. साहेब हसला आणि म्हणाला, राहू दे बंद, नाक दाबलं की तोंड उघडतं. भागवतदादाने साहेबाचंच नाक मोडलं. त्यानंतर तो बुऱ्हाणपूरला परत आला आणि स्वतःचं दुकान थाटलं.

"माझ्याकडं लहान-मोठं काही नाई," तो नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. "मी वाढपी हाये."

हे खरंच होतं. समाजातल्या कुठल्याही लग्नात वरण-बट्टीची पंगत बसली की भागवतदादा कमरेला उपरणं बांधून वरणाची बादली उचलायचा. मी फोटो काढत फिरायचो, त्यामुळे त्याचं वाढणं मी खूप पाहिलंय. तो जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचाच नाही, त्याची नजर पत्रावळीवर. वरण सरत आलं की वगराळं पुढे. ते लांब दांड्याचं पितळी वगराळं त्याचं स्वतःचं होतं, घरून घेऊन यायचा. वाढू का, हवं का, असं त्याने कधी कुणाला विचारलं नाही. "ज्याले मागावं लागलं, त्याचं जेवन तिथंच संपलं," असं तो म्हणायचा. पंगतीत डाव्या हाताने वाढणारं पोरगं दिसलं की तेच वगराळं त्याच्या मनगटावर बसायचं. वाढणं उजव्या हाताचंच, तिथे माफी नव्हती.

जागेचंही त्याने तसंच चालवलं. लगीनसराईत माझी साइट फुगायची, तो आधीच जागा वाढवून ठेवायचा. पावसाळ्यात लग्नं नसली की गुपचूप कमी करायचा. केळीवाल्यांचे भाव उन्हाळ्यात पाहिले जायचे, शाळांचे निकाल त्याच सुमाराला, ज्याची जशी भूक तसं त्याला. कुणाची साइट भरून बंद पडली असं त्याच्याकडे कधी झालं नाही. "वरन सरलं म्हनून कोनी पंगतीतून उठवते का?" हा त्याचा सवाल असायचा आणि त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

शाहपूरच्या एका लग्नात मात्र तसंच काहीसं घडलं. शेवटच्या पंगतीत हमाल बसले होते. मांडवाचं सामान, भांडी, लाकडं त्यांनीच वाहिली होती. नवऱ्या मुलाचा काका तूप वाढणाऱ्याच्या कानाशी लागला. "त्या पंगतीले तूप नको फिरवू. मागितलं तं पाहू." भागवतदादा वरण घेऊन मागेच उभा होता. गरम वरणाने भरलेलं वगराळं काकाच्या भुवईवर आदळलं. कातडं फाटलं, रक्त आणि वरण मिळून त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळलं. मग वरपक्ष उठला. एकाने भागवतदादाला मागून धरलं, दुसऱ्याने पोटात लाथा घातल्या, बादली कलंडून कुणाचा तरी पाय भाजला, त्याच्या किंकाळीने बायका-पोरं मांडवाबाहेर पळाली. सनईवाल्याने सनई फडक्यात गुंडाळली.

शेवटी म्हाताऱ्यांनी सोडवासोडव केली. भागवतदादाचा ओठ फुटला होता, एक डोळा मिटला होता. त्याने कोपऱ्यातली तुपाची किटली उचलली आणि त्या शेवटच्या पंगतीला तूप वाढायला लागला. ओठातलं रक्त तो खांद्याला पुसत होता, पत्रावळीत पडू देत नव्हता. ते बिचारे हमाल खाली माना घालून जेवत होते. त्या भीतीत ते तूप त्यांना गोड लागलं असेल असं मला वाटत नाही. पण त्यांच्यातला एक, डोईफोडिया गावचा गोविंदा, त्या दिवसापासून भागवतदादाचा झाला. बुऱ्हाणपूरला आला की केळीची एक फणी दुकानात ठेवून जायचा. बोलायचा काहीच नाही. भागवतदादाने ते वाकडं झालेलं वगराळं सरळ केलं नाही, दुकानात खिळ्याला टांगलं.

आता कपाटाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या कपाटावरून झालं.

दादा जी जागा द्यायचा ती खरी तर मुंबईकडच्या कुठल्याशा थंडगार इमारतीतल्या यंत्रांवर असायची. तिथली मोठी जागा तो भाड्याने घ्यायचा आणि दुकानातल्या एका साध्या कॉम्प्युटरवर बसून आम्हाला वाटून द्यायचा. शाहपूरच्या एका केळी व्यापाऱ्याने सुरुवातीलाच अडवलं. "जागा घेतो तं जागा दाखव. प्लॉट न पाहता कोनी घेते का?" भागवतदादाने समजावलं, परत समजावलं, मग खुर्ची उचलून फेकली. व्यापारी चुकवून खाली बसला आणि म्हणाला, "फेक अजून, पन दाखव." दोन-चार गिऱ्हाइकं अशीच परत गेली, तेव्हा दादाने भंगारातून एक भलंमोठं लोखंडी कपाट आणलं. आत मेलेले कॉम्प्युटर रचले, एक पंखा लावला आणि गणपतीच्या आराशीतली लुकलुकणारी माळ सोडली. दार उघडून तो दाखवायचा, "हे वरचं तुमचं. अजून लागलं तं हे बाजूचं बी देतो."

लोकांचं समाधान झालं. जागा वाढवून घेतली की माणसं कपाटासमोर नारळ फोडायची, कुंकू लावायची. दसऱ्याला त्याला झेंडूच्या माळा पडायच्या. खरी गोष्ट मला, दादाच्या बायकोला आणि आणखी एखाद-दुसऱ्याला ठाऊक होती. बाकी सगळं गाव समजत होतं की बुऱ्हाणपूरच्या वेबसाइटा त्या कपाटात राहतात.

दादाची बायको म्हणजे शोभावहिनी. असा माणूस घरात कसा वागत असेल, हे मलाही वाटायचं, आणि एकदा मी वहिनीला विचारलंही. ती म्हणाली, "एकदा उठला हात. मी पोळ्या करत होती. तव्यावरचं उलथनं तसंच त्याच्या दंडावर ठेवलं आन् दाबून धरलं. चामडी निंगून आली." दंडावर तो डाग होता, मी पाहिलेला. दादा तो लपवत नसे. कुणी विचारलं तर "घरचा शिक्का" म्हणायचा. त्यानंतर घरात हात उठला नाही. त्याचं मारणं सगळं न्यायाचंच होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या कानाला विचारा. चहा थंड आणला म्हणूनही त्याने माणसं झोडली आहेत. त्याचा मला राग यायचा आणि तो दुकानात दिसला नाही की चुकल्यासारखंही व्हायचं.

गोविंदाला जिवे मारलं ते शाहपूरकडच्या एका केळीच्या वखारीत. वखार ज्याची, त्याला सगळे नुसतं सेठ म्हणतात. त्याचा पुतण्या मनीष तिथलं काम पाहायचा. ट्रकमध्ये घड नीट रचले नाहीत म्हणून त्याने गोविंदाला आधी केळीच्या ओल्या दांड्याने मारलं, मग माणसं बोलावली आणि लोखंडी पाइपाने मारलं. गोविंदा खाली पडल्यावरही मारत राहिले. त्याची बायको कमला तिथेच केळी धुवायच्या कामाला होती. ती टाकीमागे लपली आणि तिने मोबाइल सुरू केला. धावत पुढे गेली असती तर तीही मेली असती, हे तिला कळत होतं. कागदावर गोविंदा ट्रकवरून पडून मेला होता.

मी ती चित्रफीत एकदाच पाहिली. शेवटी तो उठायचा प्रयत्न करतो, एक हात टेकवतो, आणि मनीष त्या हातावर पाय देतो. मी लग्नांत रडणाऱ्या बायकांचे फोटो काढणारा माणूस, मला वाटायचं मी सगळं पाहिलंय.

आमच्याकडे रेखा नावाची एक बाई एकटीच बातम्यांची वेबसाइट चालवायची. पूर्वी शाळेत शिकवत होती, घरी म्हातारी आई. कमला तिच्याकडे गेली आणि रेखाने चित्रफीत साइटवर टाकली. साइट भागवतदादाच्या जागेत होती. मग जे झालं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. खकनार, नेपानगर, शाहपूर, सगळीकडून मजूर आपापल्या मोबाइलमधलं पाठवायला लागले. कुणाला बांधून मारलेलं, कुणाच्या पाठीवरचे वळ, कुणाचं फुटलेलं डोकं. पुष्कळ ठिकाणी मारणारा मनीषच होता. केळीच्या चिकाने काळे पडलेले शर्ट आणि त्यांच्यावर रक्त. रेखा एकेक लावत गेली.

चित्रफिती फोटोंसारख्या नसतात, जागा भराभर खातात. भागवतदादा दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेला असायचा. रेखाच्या साइटची जागा सरत आली की वाढवायचा, पुन्हा सरली की पुन्हा. त्याने तिला एकदाही विचारलं नाही की किती लागेल. मी त्याला जेवायला बोलवायला गेलो तर म्हणाला, "पंगत बसेल हाये. वाढप्यानं अगोदर जेवू नये."

मनीष आला तो मावा जिलेबीचा डबा घेऊन. मी तेव्हा दुकानातच होतो. पांढरे कपडे, गोड बोलणं. डबा टेबलावर ठेवून खुर्ची ओढून बसला.

"दादा, तुम्हाले काही पुसायला नाही सांगत मी. पुसणं म्हणजे पाप. तुम्ही फक्त वाढवू नका. भरलं की आपोआप बंद पडेल. मतलब, तुमच्या हातानं काहीच नाही झालं."

मी दादाच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो टेबलावर होता. त्याने तो उचलला, डब्यातली एक जिलेबी घेतली आणि तोंडात टाकली.

"पाहू," दादा म्हणाला.

मनीष खूश झाला. उठताना त्याची नजर कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेली. माळ लुकलुकत होती, पंखा गुरगुरत होता. दारातून वळून त्याने पुन्हा एकदा तिकडे पाहिलं.

तो गेल्यावर मी म्हणालो, "दादा, थंड चहासाठी माणसं झोडतोस, आणि याला सोडलंस?"

"आज मारलं तं ते आजच रेखाच्या घरी जातील. उद्या सकाळी ती कमलाले घेऊन इंदूरले चालली, वकिलाकडं. कमलाचा फोन घेऊन. कोरटात असली फोनच लागते, साइटवरचं नाई चालत." त्याने जिलेबीचा डबा खिडकीबाहेर भिरकावला. तो रस्त्यावरच्या एका रिक्षावर फुटला. "बस इंदूरले पोचेपर्यंत यांचं ध्यान इथं पाहिजे."

"पण वाढवलंस तर ते इथे येतील."

"येतीलच. कपाट फोडायले येतील."

"मग सांगून टाक ना, कपाटात काही नाही म्हणून."

"मंग विचारतील, कुठं हाये? मंग म्हनतील, असली चित्रफीत कोनाकडं हाये? दिमाग लाव थोडा, फोटोवाल्या."

त्याने तिथल्या तिथे रेखाची जागा वाढवली, इतकी की बस इंदूरला पोचेपर्यंत तरी भरू नये.

दुसऱ्या दिवशी त्याने शोभावहिनीला माहेरी जायला सांगितलं होतं. ती न जाता माझ्या स्टुडिओत येऊन बसली, खिडकीपाशी, पदर कमरेला खोचून. मी तिपाईवर कॅमेरा लावला. दादाने मला बजावून सांगितलं होतं की रस्ता ओलांडायचा नाही, ओलांडला तर आधी मलाच मारीन.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा जीप आली. दादाने शटर पूर्ण वर केलेलं होतं. तो कपाटासमोर उभा होता, हातात खिळ्यावरचं वगराळं. पहिला जो आत शिरला त्याच्या तोंडावर वगराळं बसलं, दात तुटून पडले ते रस्त्याच्या या बाजूनेही कळलं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर बसलं. मग पाइप चालले. डोक्यावर, खांद्यावर, बरगड्यांवर. ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज येत होता. बाजारातली शटरं एकामागून एक खाली येत होती. दादा खाली गेला, पण उजव्या हाताने त्याने कपाटाची मूठ पकडली होती, ती सुटेना.

"माझ्या गिऱ्हाइकांची जागा हाये ती," तो ओरडत होता. "हात नका लावू. त्यात लोकांचं सगळं हाये. रेखाचं सगळं हाये त्यात."

मी त्याला आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं. वहिनीने माझा दंड पकडला होता, तिची नखं आत रुतली होती. "खोटं बोलते," ती पुटपुटत होती. "जिवावर बेतलं आन् खोटं बोलते."

त्यांनी बोटांवर मारलं. बोटं सुटली नाहीत. मग दोघांनी तो हात ओढून टेबलाच्या कडेवर धरला आणि मनीषने स्वतः पाइप घेतला. पहिल्या घावाला दादा किंचाळला. पुढच्या घावांना त्याचा आवाज आला नाही, नुसता पाइपाचा आला. मनगट उलट्या बाजूला वळेपर्यंत मनीष मारत होता. माझा कॅमेरा चालू होता.

कपाट त्यांनी रस्त्यावर ओढून आणलं. लाथांनी दार तोडलं, मेलेले कॉम्प्युटर फोडले, गणपतीची माळ पायात गुंतली म्हणून एक जण पडला. डिझेल ओतलं आणि पेटवून दिलं. कपाटातून नारळाच्या कवट्या गडगडत बाहेर आल्या, लोकांनी वाहिलेल्या. कुंकू जळाल्याचा वास पसरला. मनीषने स्वतःच्या मोबाइलवर त्या जाळाचा फोटो काढला, कुणाला तरी पाठवला, आणि सगळे हसत जीपमध्ये बसून गेले. रेखाच्या घराकडे कोणी वळलं नाही. त्यांच्या मते आता तिच्याकडे काही उरलंच नव्हतं.

वहिनी माझ्या आधी धावली. दादाचं तोंड ओळखू येत नव्हतं. तिने पदराने रक्त टिपलं तेव्हा एक डोळा उघडला आणि तो मला म्हणाला, "साइट पाह्य."

मी मोबाइल उघडला. रेखाची साइट चालू होती. गोविंदाची चित्रफीत सगळ्यांत वर होती. खाली कुणीतरी नवीन चित्रफीत पाठवलेली होती. मी त्याला दाखवलं. रिक्षात आम्ही त्याला आडवं केलं, वहिनीने तो उजवा हात दोन्ही हातांनी उचलून मांडीवर धरला. गांधी चौक ओलांडताना त्याने मला त्याचा मोबाइल काढायला लावला.

"तू काढलं ते, मोठं असंल."

"हो."

"तिच्याकडं पाठव. जागा पुरनार नाई तिले." त्याने डाव्या अंगठ्याने, रक्ताचे ठसे उमटवत, रेखाची जागा आणखी वाढवली. दवाखान्यात शिरताना रेखाचा फोन आला. दोघी वकिलाच्या खोलीत बसल्या होत्या, फोन सुखरूप होता. मी ते दादाच्या कानाशी ओरडून सांगितलं. मग तो बेशुद्ध पडला.

मनीष आत गेला, त्याची माणसं आत गेली. खटला अजून चालू आहे, कमला प्रत्येक तारखेला जाते. दादाचा हात डॉक्टरांनी जमेल तसा जोडला, पण मनगट वाकडंच राहिलं आणि बोटांत जीव आला नाही. दुकान त्याने परत सुरू केलं. गावाला आता कपाटाचं खरं कळलं होतं, तरी कुणी जागा काढून घेतली नाही. राग मात्र तसाच होता. डावा हात उचलायचा आणि नेम चुकायचा. ज्यांना तो मारायला जायचा ते आता मागे सरकायचे नाहीत, उभेच राहायचे, लागू देत म्हणून. ते मला पाहवत नसे.

असा माणूस कुणाच्या तरी हातूनच मरणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो झोपेत गेला. सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तर गार पडलेला. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वेबसाइटा त्याच्या भाच्याने जळगावहून सांभाळायला घेतल्यात.

मी त्याला शेवटचं वाढताना पाहिलं ते डोईफोडियात, गोविंदाच्या वर्षश्राद्धाला. कमलाने बोलावलं होतं. अंगणात पंगती बसल्या, वरण-बट्टी, वांग्याची भाजी. दादाला पाट देऊन बसवलं होतं, तर तो उठला, उपरणं कमरेला बांधलं, बादलीची कडी वाकड्या उजव्या हाताच्या कोपरात अडकवली आणि डाव्या हातात वगराळं घेतलं. तेच, चेपलेलं, काळवंडलेलं.

पहिल्या पंगतीच्या टोकाला एक म्हातारा होता. त्याने पत्रावळीवर हात आडवा धरला. "डाव्या हातानं नको बाबा. आज श्राद्ध हाये." त्याच्या शेजारच्यानेही हात आडवा धरला, मग त्याच्याही शेजारच्याने.

दादा उभा राहिला. बादलीचं वजन त्या मोडक्या हाताला पेलत नव्हतं. पंगतीतले सगळे वगराळ्याकडे बघत होते. कुणाकुणाची मान खांद्यात गेली. तो मारणार असं मलाही वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याने मारावं असं वाटत होतं. पण त्याने मारलं नाही. नियम त्याचाच होता. त्यापायी त्यानेच किती पोरांची मनगटं फोडली होती.

मग त्याने जे विचारलं ते मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"वाढू का?"

आडवे हात तसेच होते.

कमला चुलीपाशी होती. ती हात पुसत आली, म्हाताऱ्याच्या अलीकडे, पंगतीच्या अगदी सुरुवातीला मांडी घालून बसली आणि एक पत्रावळ समोर ओढली. बायका शेवटी बसतात, विधवा तर त्याहून शेवटी. तिने कुणाकडे पाहिलं नाही. बट्टी पत्रावळीत कुस्करली आणि म्हणाली, "दादा, इकडून सुरू करा."

त्याने वाढलं. वगराळं हललं, थोडं वरण जमिनीवर सांडलं. म्हाताऱ्याने हात बाजूला घेतला, मग पुढच्यांनीही घेतले, आणि तो वाकून वाकून पंगतीने पुढे गेला. अर्ध्यावर पोचला असेल, तेव्हा मान वळवून त्याने मागे पाहिलं. कमलाच्या पत्रावळीतलं वरण सरत आलं होतं. तो तेवढं अंतर परत आला आणि न विचारता वाढून गेला.